ज्योत घरात कुठे जळावी?

नोव्हेंबर सरत आला की पुणे-नाशिककडे सकाळचं पाणी हात लावू देत नाही आणि विजेच्या सामानाच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो: गिझर गॅसचा घ्यावा की लाइटचा? स्वयंपाकघरात हाच प्रश्न वर्षभर असतो. सिलिंडर महागला की इंडक्शनची आठवण होते आणि विजेचं बिल हातात पडलं की शेगडीच बरी वाटू लागते. दुकानदार त्याच्याकडे जो माल असेल तो पुढे करतो, शेजारी आपापल्या घरचा अनुभव सांगतात. या प्रश्नाला भौतिकशास्त्राचं आणि रसायनशास्त्राचं बऱ्यापैकी पक्कं उत्तर आहे. मात्र अख्ख्या घराला मिळून एकच उत्तर नाही. न्हाणीघराचं वेगळं आहे, ओट्याचं वेगळं.

आधी पाण्याचा हिशेब करू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायची तर सुमारे १,६७५ किलोज्यूल लागतील. वीजबिलाच्या भाषेत हे ०.४७ युनिट झालं, म्हणजे जवळपास अर्धा युनिट. लाकूड जाळा, गॅस जाळा किंवा वीज वापरा, एवढी उष्णता पाण्याला द्यावीच लागते. साठवणीच्या गिझरमधलं एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असतं, त्यामुळे त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यात उतरते. मग एका गिझरला तीन तारे आणि दुसऱ्याला पाच का? हे तारे पाणी तापवण्याचे नाहीत, तापलेलं पाणी गरम राखण्याचे आहेत. टाकीभोवतीचं आवरण दिवसभरात किती उष्णता बाहेर जाऊ देतं, त्यावर ते ठरतात. गरजेपुरता दहा-पंधरा मिनिटं गिझर लावून बंद करणाऱ्या घरात पाच ताऱ्यांचा फायदा थोडाच. सकाळी सहाला बटण दाबून दहापर्यंत चालू ठेवणाऱ्या घरात तो चांगला जाणवतो.

उष्णता तेवढीच लागते, तर गॅसच्या गिझरमधून नळ सोडताच गरम पाणी कसं येतं आणि विजेच्या गिझरला थांबावं का लागतं? फरक उष्णता देण्याच्या वेगात आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवत राहायचं तर साडेदहा किलोवॅट शक्ती लागते. गॅसच्या बर्नरला हे सहज जमतं. विजेवर एवढी शक्ती घ्यायची तर २३० व्होल्टला ४५ अँपिअर प्रवाह लागेल आणि सिंगल फेज घरगुती जोडणीला तो झेपत नाही. म्हणून विजेचा 'इन्स्टंट' गिझर तीन किलोवॅटवर थांबतो आणि त्याची धार बारीक असते. मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी तो वीस अंशांनी तापवतो. साठवणीचा गिझर वेगळ्या मार्गाने जातो. पंधरा लिटर पाणी तो सावकाश, अठरा-वीस मिनिटांत ६० अंशांपर्यंत नेतो. त्यात थंड पाण्याचं विसण घातलं की अंगावर घेण्याजोगं सव्वीस लिटर पाणी होतं. पुण्याच्या वाड्यांतल्या तांब्याच्या बंबातही हीच साठवण होती. मधोमध धुराडं, त्याच्याभोवती पाणी, खाली निखारे. वर जाणारा गरम वायू जाता जाता चहूबाजूंच्या पाण्याला उष्णता देत असे. उष्णतेच्या दृष्टीने ही रचना फार विचारपूर्वक केलेली होती. बंबाची दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. त्याला धूर होता, त्यामुळे तो पडवीत नाही तर मागच्या अंगणात पेटवला जाई. पेटलेला बंब शेजारी ठेवून बंद दाराआड आंघोळ करायची कल्पना कुणाच्या मनात आली नसेल.

गॅसच्या गिझरला डोळ्यांना दिसेल असा धूर नाही, म्हणून तो आत आला. या लेखात सर्वाधिक जागा मी या एका गोष्टीला देणार आहे, कारण दर हिवाळ्यात गॅस गिझरमुळे न्हाणीघरात कुणी दगावल्याची बातमी महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून येते. बऱ्याचदा ती तरुण, धडधाकट माणसाची असते.

चार बाय सहा फुटांचं, नऊ फूट उंचीचं न्हाणीघर घ्या. त्यात सुमारे सहा हजार लिटर हवा मावते. हवेचा २१ टक्के भाग ऑक्सिजन, म्हणजे साधारण साडेबाराशे लिटर. साडेदहा किलोवॅट उष्णता पाण्याला देणारा गिझर तासाला जवळपास एक किलो एलपीजी जाळतो. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण, आणि त्याचा एक ग्रॅम पूर्ण जळायला पावणेतीन लिटर ऑक्सिजन लागतो. दहा मिनिटांच्या आंघोळीत गिझर सव्वाचारशे ते साडेचारशे लिटर ऑक्सिजन खातो. दार-खिडकी बंद असेल तर खोलीतला एक तृतीयांश ऑक्सिजन गेला. पण धोका तेवढं होईपर्यंत थांबत नाही. ऑक्सिजन थोडा उतरला की ज्योतीचं काम बिघडू लागतं. कार्बनच्या अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले तर कार्बन डायऑक्साइड होतो. एकावरच भागवावं लागलं तर कार्बन मोनॉक्साइड होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. त्यामुळे हवेत त्याचं प्रमाण हजारात एक इतकं जरी झालं, तरी रक्तातली ऑक्सिजनची जागा तो भराभर बळकावत जातो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. आंघोळ करणाऱ्याला वाटतं, उपाशीपोटी वाफेत उभे आहोत म्हणून होत असेल. मग पायांतलं बळ जातं. कडी दोन हातांवर असते, पण ती काढायला हात उठत नाही.

'गॅस गळला तर वास येईलच की,' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा गैरसमज जीवघेणा आहे. आपल्याला येतो तो वास मुळात एलपीजीचा नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो. ते न जळलेल्या गॅसची वर्दी देतं. ज्योतीतून जाताना ते स्वतःही जळून जातं. कार्बन मोनॉक्साइड ज्योतीच्या पलीकडे तयार होतो आणि तिथे वर्दी द्यायला कुणी उरलेलं नसतं. गळती शून्य आहे, नळी नवी आहे, रेग्युलेटर उत्तम आहे, आणि तरीही बंद न्हाणीघर प्राणघातक ठरू शकतं.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले, तो गॅस दगडी कोळशापासून काढत. अशा गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड मुळातच असे, त्यामुळे न जळता गळला तरी तो विषारी. आजच्या एलपीजीत किंवा पाइपमधून येणाऱ्या नैसर्गिक वायूत तो नसतो. आजचं विष अपुऱ्या हवेतून, आपल्याच न्हाणीघरात तयार होतं. त्यामुळे ते टाळणंही आपल्याच हातात आहे.

गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवायचा आणि गरम पाणी पाइपने आत आणायचं. ड्राय बाल्कनी किंवा मागची उघडी गॅलरी त्यासाठी चांगली. जळालेला वायू बाहेर नेणारी धुराड्याची नळी इमारतीच्या बाहेर उघडली पाहिजे. ती नुसती न्हाणीघराच्या छताकडे वळवलेली असेल तर तिचा काही उपयोग नाही. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी इमारतींत न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि तिथे हवा धड हलत नाही. अशी खिडकी मी बाहेरची धरणार नाही. थंडीत झडपांना आतून प्लॅस्टिक किंवा पुठ्ठा लावायची सवय असते. गॅस गिझर असलेल्या घरात ती तातडीने सोडायला हवी. ऑक्सिजन कमी होताच बंद पडणारा सेन्सर काही गिझरमध्ये असतो. तो असलेला बरा, पण त्याच्या भरवशावर गिझर आत बसवू नये. ज्योत निळी आहे ना, हेही अधूनमधून पाहावं. पिवळी पडलेली ज्योत आणि काजळी म्हणजे हवा अपुरी पडते आहे. काजळीने आतल्या तांब्याच्या पत्र्यांमधल्या फटी बुजल्या की जळालेल्या वायूची वाट अडते आणि ज्योत आणखी बिघडते.

कुणी न्हाणीघरात कोसळलं तर दार तोडून आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. कोविडच्या काळात घराघरांत आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. रक्त विषारी झालेलं असतानाही ते ९८ दाखवू शकतं. आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. अशा माणसाला शुद्ध ऑक्सिजन लागतो. साध्या हवेत रक्तातलं हे विष निम्मं व्हायला चार-पाच तास जातात. शुद्ध ऑक्सिजनवर तेच तास-दीड तासात होतं.

मग विजेचा गिझर निर्धोक का? अर्थिंग धड नसेल तर नाही. एलिमेंट फुटलं की वीज टाकीच्या धातूत आणि पाण्यात उतरते, आणि ओल्या अंगाचा प्रतिरोध कोरड्या अंगाच्या मानाने फार कमी असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे तो पाहत राहतो आणि तफावत दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. बोर्डात नुसता एमसीबी असेल तर तो हे काम करत नाही. तो तारा वाचवतो, माणूस वाचवत नाही. बादलीत सोडायच्या हीटरची तर मला मनापासून भीती वाटते. बटण बंद न करता पाणी तापलं का हे बोटाने पाहिलं आणि जीव गेला, असं होतं. विजेच्या धोक्याला हजार-दोन हजारांच्या खर्चात पक्का अटकाव करता येतो, म्हणून न्हाणीघरापुरता माझा कौल विजेला आहे. गच्ची मिळत असेल तर त्याहून आधी सोलर वॉटर हीटरला. गॅसचा गिझर घ्यायचाच तर बाहेर, नाहीतर नको.

आता ओट्याकडे वळू. ही खोली मोठी असते, दार उघडं असतं, माणूस जागा असतो आणि शेगडीची ज्योत गिझरच्या मानाने लहान असते. न्हाणीघरातली भीती इथे जशीच्या तशी आणण्याचं कारण नाही. पण इंडक्शनची करामत समजून घेतली तर निवड सोपी होते.

काचेखाली तांब्याच्या बारीक, एकमेकींपासून विलग तारांच्या पिळाची चपटी कॉइल असते. तिच्यातल्या प्रवाहाची दिशा सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा उलटसुलट होते आणि त्याबरोबर तिचं चुंबकीय क्षेत्रही. बदलतं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या धातूत विद्युतप्रवाह निर्माण करतं, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलं होतं. इथे तो शेजारचा धातू म्हणजे पातेल्याचं बूड. त्यात भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरू लागतात आणि बूड स्वतः तापतं. काच तापते ती पातेल्यामुळे, उलट नव्हे. लोखंडासारख्या चुंबकीय धातूत हे प्रवाह पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात, मिलिमीटरच्या लहानशा अंशात दाटतात. वाट चिंचोळी झाली की प्रतिरोध वाढतो आणि उष्णता भरपूर होते. ॲल्युमिनियम चुंबकीय नाही आणि वीजवाहक मात्र उत्तम. त्यात प्रवाह खोलवर पसरतो आणि फारसं तापवत नाही. म्हणून आजीचा जाड ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर थंडच राहतो. फ्रिजवरचं चुंबक घेऊन भांड्याच्या बुडाला लावून पाहा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. स्टीलचं म्हणून घेतलेलं प्रत्येक भांडं या परीक्षेत उतरत नाही, तेव्हा शेगडी घेण्याआधी घरातली भांडी तपासलेली बरी.

बूड स्वतःच तापत असल्यामुळे इंडक्शनची ८५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा अन्नापर्यंत पोहोचते. गॅसच्या शेगडीला भारतीय मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के कार्यक्षमता लागते, पण ती प्रयोगशाळेत, ठरावीक आकाराच्या भांड्यावर. घरी मोठ्या बर्नरवर चहाचं लहान पातेलं ठेवलं की ज्योत कडेने वर निघून जाते आणि आपण स्वयंपाकघर तापवतो. मे महिन्यात ओट्यापाशी उभं राहणाऱ्या बाईला हे कुणी सांगायला नको. दोन हजार वॉटच्या इंडक्शनवर एक लिटर पाणी तीन मिनिटांच्या थोडं पुढे-मागे उकळतं, गॅसच्या मोठ्या बर्नरवर साधारण चार-साडेचार मिनिटं लागतात. दूध उतू जायच्या बेतात असताना बटण दाबलं की तापवणं त्याच क्षणी थांबतं, हाही मोठा गुण.

पण भाकरी? तिथे ज्योतीला तोड नाही. थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली आणि मग तवा बाजूला करून थेट आचेवर धरली की आतल्या ओलीची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशेपट जागा लागते. दोन्ही बाजूंच्या साली आधीच आवळल्या असतील तर वाफेला बाहेरची वाट सापडत नाही आणि भाकरीचा पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. यासाठी वरच्या सालीला झपाट्याने, सगळीकडून उष्णता मिळावी लागते. ज्योत ती तापलेल्या वायूंच्या झोताने देते. इंडक्शनवरचा तवा फक्त जिथे टेकतो तिथूनच देतो. फडक्याने दाबून दाबून तव्यावरच भाकरी फुगवणाऱ्या सुगरणी आहेत, त्यांना माझा नमस्कार. शिवाय आपला नेहमीचा तवा खोलगट असतो, त्याचं बूड काचेवर सपाट बसतच नाही. भरताचं वांगं आणि भाजलेला पापड हेही ज्योतीचेच विषय. वांग्याची साल करपताना जो धुरकट वास गरात उतरतो, तो ज्योतीशिवाय येत नाही.

इंधन कोणतं, याच्या आधी एक गोष्ट पाहायला हवी. पाणी उकळू लागलं की उघड्या पातेल्यात ते शंभर अंशांच्या वर जात नाही, मग आच कितीही मोठी करा. जादा आच फक्त वाफ करते. एक लिटर पाणी २५ वरून १०० अंशांवर नेण्यापेक्षा त्या लिटरची वाफ करायला सातपट उष्णता जाते. म्हणजे झाकण न ठेवता मोठ्या आचेवर डाळ खळखळवत ठेवणाऱ्या घरात गॅस की वीज हा प्रश्नच दुय्यम आहे. डाळ तासभर भिजवली, कुकर लावला, शिट्टी होताच आच बारीक केली तर जी बचत होते, ती शेगडी बदलून होणाऱ्या बचतीपेक्षा सहज मोठी असू शकते.

आता पैसे. दर सतत बदलतात, म्हणून दरापेक्षा रीत लक्षात ठेवावी. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो पूर्ण जळल्यावर मिळणारी उष्णता सुमारे १८० युनिट विजेएवढी. शेगडीतून त्यातली साधारण १०० ते १२० युनिट भांड्यात उतरते. तेवढंच काम इंडक्शनने करायचं तर १२० ते १४५ युनिट वीज लागेल. म्हणून सिलिंडरच्या किमतीला आधी १२० ने आणि मग १४५ ने भागा. सिलिंडर साडेआठशेचा धरला तर उत्तर येतं सात रुपये आणि सहा रुपये. तुम्हाला वीज युनिटमागे यापेक्षा स्वस्त पडत असेल तर इंडक्शन परवडेल, महाग पडत असेल तर गॅस.

इथे बहुतेकांचा हिशेब एका जागी चुकतो. बिलाच्या रकमेला एकूण युनिटांनी भागून लोक सरासरी दर काढतात. पण इंडक्शन किंवा गिझर ही वाढीव वीज आहे, आणि तिला शेवटच्या स्लॅबचा दर लागतो. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. पहिल्या टप्प्याहून दुसऱ्यातलं युनिट साधारण दुपटीने महाग पडतं. एखाद्या घराचा महिन्याचा वापर १८० युनिट आहे. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर त्यात सव्वाशे युनिट वाढतील. चौघांच्या आंघोळीच्या गिझरचे साठ-पासष्ट युनिट धरले तर आकडा ३७० वर जाईल. म्हणजे वाढलेली वीज दुसऱ्या टप्प्याच्या दराने सुरू होऊन तिसऱ्यात जाऊन पोचते. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं तर दुसऱ्या टप्प्यातलं युनिट दहा रुपयांच्या वर जातं. त्यामुळे आज महावितरणच्या बहुतेक मध्यमवर्गीय ग्राहकांना सगळा स्वयंपाक विजेवर नेणं परवडणारं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी यांचे दर वेगळे आहेत, पण रीत तीच.

भांडवली खर्चही नजरेआड करू नये. दोन हजार वॉटचं इंडक्शन जवळपास नऊ अँपिअर प्रवाह घेतं. ते सोळा अँपिअरच्या पॉवर प्लगलाच लावायला हवं. सहा अँपिअरच्या सॉकेटला ॲडॉप्टर लावून चालवलं की काही दिवसांत प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो. गावाकडे व्होल्टेज पडतं तिथे आणखी एक अडचण आहे. गिझरसारख्या साध्या एलिमेंटची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० चे १८० व्होल्ट झाले की दोन हजार वॉटचा गिझर बाराशे वॉटवर येतो. भारनियमनाच्या वेळा पाळून स्वयंपाक करावा लागणाऱ्या घरात सिलिंडर असलाच पाहिजे, यात शंका नाही.

राहिला पर्यावरणाचा प्रश्न. वीज म्हणजे स्वच्छ, असं आपण सहज म्हणतो. एक सिलिंडर जाळल्यावर साधारण ४३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर केला तर, भारतीय ग्रिडच्या प्रत्येक युनिटमागे सरासरी ०.७२ किलो धरून, ८५ किलो किंवा थोडा अधिक. म्हणजे दुप्पट. कारण आपली बरीचशी वीज अजून दगडी कोळशाची आहे आणि औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेत उतरतो. पुण्यातल्या ओट्यावरची ज्योत विझते तेव्हा चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रात कोळसा थोडा जास्त जळतो. तिथल्या हवेत राहणाऱ्या माणसांचा विचार न करता आपलं स्वयंपाकघर स्वच्छ झालं म्हणणं मला पटत नाही.

पण स्वयंपाकघरातल्या हवेचाही विचार करायलाच हवा. गॅसच्या तप्त ज्योतीत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. तो श्वासनलिकांना त्रास देतो. कितीतरी अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झालं. त्यात गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतल्या मुलांमध्ये दम्याची शक्यता ४२ टक्के जास्त आढळली. चुलीच्या धुरापुढे हा त्रास नगण्य आहे; चुलीवरून गॅसवर आलेल्या घराने आरोग्याची फार मोठी मजल मारली आहे. तरी घरात दमेकरी मूल असेल तर लांबलचक उकळण्याची कामं इंडक्शनवर न्यावीत. चिमणी बाहेर हवा सोडणारी घ्यावी. नुसती गाळून तीच हवा परत खोलीत सोडणारी चिमणी तेल पकडते, हा वायू पकडत नाही.

आणि हा सगळा हिशेब एका गोष्टीने उलटतो: गच्चीवरचं सौर पॅनल. एक किलोवॅटचं पॅनल महाराष्ट्रात महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतं. एका सिलिंडरचं काम इंडक्शनने करायला लागतात जवळपास तितकीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या घरगुती पॅनलला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. गच्ची स्वतःची असेल तर वीज स्वस्तही होते आणि स्वच्छही. शिवाय आपला देश लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आयात करतो, तोही मुख्यतः आखातातून. तेव्हा ज्या घराला जमेल त्याने ओट्यावर विजेची सोय करून ठेवणं शहाणपणाचं.

म्हणून माझा सल्ला असा. गच्चीवर पॅनल असेल तर चहा, दूध, कुकर, डाळ-भात सगळं इंडक्शनवर न्या आणि एक बर्नर भाकरी-भरतासाठी राखा. पॅनल नसेल आणि बिल दुसऱ्या स्लॅबमध्ये असेल तर गॅस सोडू नका; एक इंडक्शन हाताशी असू द्या, सिलिंडर मध्येच संपला तर उपयोगी पडेल. स्वयंपाकघरात चुकीची निवड केली तर महिन्याला काही शे रुपये इकडे-तिकडे होतील, त्याची फार चिंता करू नका.

न्हाणीघरात मात्र एवढं कराच. गॅसचा गिझर आत असेल तर तो याच आठवड्यात प्लंबरला बोलावून बाहेर हलवा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकांना हे स्पष्ट सांगा, वसतिगृहात मुलं असतील तर फोन करून विचारा. गिझर हलेपर्यंत दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडी हवा खेळू द्या आणि मगच आत जाऊन कडी लावा.